बाळ घरी येण्याआधीची रंगीत तालीम

नमस्कार श्रोतेहो.

काही बाळं रुग्णालयातून घरी येतात ती गळ्यात श्वासाची नळी घेऊनच. ट्रॅकिओस्टॉमीची नळी म्हणतात तिला. सोबत नळीतला कफ ओढून काढणारं सक्शन मशीन, हातानं दाबून श्वास द्यायची अँबू बॅग, कधी ऑक्सिजन. वॉर्डात तीन पाळ्यांच्या सिस्टर जे करतात, ते घरी आई, बाबा आणि आजीनं करायचं. सुट्टी देताना आम्ही हातात कागद ठेवतो आणि विचारतो, “समजलं ना?” ती बिचारी माना हलवतात. कोण सांगेल, नाही समजलं म्हणून?

म्हणून सिम्युलेशन, म्हणजे बाहुल्यावर सराव. नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्दाल या खेळणी बनवणाऱ्यानं १९६० साली तोंडानं श्वास द्यायला शिकवणारी ॲन ही बाहुली आणली. आता गळ्यात नळी असलेले बाळाएवढे बाहुलेही मिळतात.

नळी तुंबली तर काय करायचं, तेवढं ऐका. आधी सक्शन, ठरवून दिलेल्या मापापर्यंतच. सक्शनची नळी आत जातच नसेल, तर गळ्यातली नळी लगेच बदला. तरी श्वास नसेल, तर अँबू बॅग. तोवर दुसऱ्यानं १०८ लावायचा. पुन्हा सांगते: सक्शन, नळी, बॅग.

ऐरोलीच्या एका घराची गोष्ट सांगते. आईबाबांनी वॉर्डात सगळं बिनचूक करून दाखवलं होतं. तरी मी म्हटलं, एकदा घरी करू. बाळ अजून वॉर्डातच होतं. त्याच्या पलंगावर बाहुला निजवला. त्याच्या नळीत मी आधीच घट्ट खळ भरून ठेवली होती. घड्याळ लावलं आणि म्हटलं, “बाळ निळं पडतंय.”

आईनं मशीन ओढलं. प्लगात मच्छर पळवायचं यंत्र! ते उपटलं, सक्शन सुरू केलं, पण नळी आत जाईना. शाबास, तिनं वेळ घालवला नाही. “अहो, दुसरी नळी द्या!”

बाबा म्हणाले, “कपाटात आहे.” कपाटाला कुलूप.

“किल्ली?”

“आईच्या कमरेला.”

“आई कुठे?”

“भजनाला.”

बाबा जिने उतरत धावले. मी घड्याळ थांबवलं नाही. आजी धापा टाकत आल्या, कपाट उघडलं. दागिन्यांच्या डब्यामागे तीन पिशव्यांत गुंडाळून, वर रबर लावून, नळ्या ठेवलेल्या. “एवढी महागाची वस्तू,” आजी म्हणाल्या, “पोरंसोरं हात लावतील म्हणून जपून ठेवली हो.”

आपल्याकडे हा जपून ठेवण्याचा रोगच आहे. रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला प्लास्टिक, आणि चांगले कप पाहुण्यांसाठी. ते पाहुणेही कसले, तर बाळाच्या पलंगावर बसून औषधं सुचवणारे! असो.

मी घड्याळ दाखवलं. कुणी काही बोललं नाही. मग आजीच पदर खोचून म्हणाल्या, “बाई, परत करा.” दुसऱ्या खेपेला नळ्या पलंगाच्या वर, कालनिर्णयच्या शेजारी खिळ्याला टांगलेल्या होत्या. पारदर्शक पिशवीत, एक नेहमीच्या मापाची, एक त्याहून बारीक. या वेळी नळी हातात दिली ती आजींनी.

वॉर्डात प्लग जागच्या जागी असतो, ट्रॉली हाताशी असते. म्हणून म्हणते, सराव घरी करा. बाळाच्या पलंगापाशी करा. सगळ्यांना घेऊन करा, शाळकरी दादालासुद्धा. १०८ वर पत्ता सांगणं त्याला जमतं. एकदा दिवे घालवूनही करा. दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा मशीन बॅटरीवर किती वेळ चालतं, पायानं चालवायचा सक्शन पंप घरात आहे का, ते तेव्हाच कळतं.

आणि सोसायटीच्या गेटात आडव्या गाड्या लावणाऱ्यांनो, रुग्णवाहिका काय उडत येणार आहे? सजावटीच्या वर्गणीवर दोन तास भांडता, तसं एकदा यावरही भांडा.

बाहुला मिळत नसेल, तर सुट्टीआधी वॉर्डातल्या सिस्टरांना विचारा. कापडी बाहुलीच्या गळ्याला भोक पाडून, वापरून झालेली नळी धुऊन त्यात बसवली तरी हाताला सवय होते. फक्त ती नळी सरावाचीच ठेवा, वर लाल चिकटपट्टी लावा, म्हणजे घाईत बाळाच्या नळ्यांत मिसळणार नाही. आणि सक्शन, नळी, बॅग हे मोठ्यानं म्हणत करा. नमस्कार.