खर्च कोणाचा, तिजोरी कोणाची : हेन्री फॉसेट आणि भारताचा हिशेब

नमस्कार. जुलै १८६७ मध्ये तुर्कस्तानचा सुलतान अब्दुल अझीझ लंडनला आला आणि त्याच्या सन्मानार्थ इंडिया ऑफिसच्या, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश कार्यालयाच्या, नव्या इमारतीत मोठा नृत्यसमारंभ झाला. पाहुणा ब्रिटनचा होता आणि यजमानही ब्रिटिश सरकार होते, परंतु खर्च भारताच्या महसुलावर टाकण्यात आला, म्हणजे अखेरीस तो इथल्या रयतेच्या शेतसाऱ्यातून आणि मिठावरच्या करातून वसूल व्हायचा होता. हाउस ऑफ कॉमन्समध्ये या गोष्टीला जवळजवळ एकट्याने हरकत घेतली ती ब्रायटनचे खासदार हेन्री फॉसेट यांनी. ते मंत्री नव्हते, पक्षाच्या नेतृत्वात त्यांना स्थान नव्हते, आणि सभागृहात येऊन त्यांना पुरती दोन वर्षेसुद्धा झाली नव्हती.

कॉमन्समध्ये मंत्री आणि विरोधी पक्षाचे प्रमुख नेते पुढच्या बाकांवर बसतात, आणि बाकीचे सारे सभासद त्यांच्या मागे. मागच्या बाकांवरच्या सभासदाला खाते नसते, अधिकारी नसतात आणि सरकारी कागदपत्रे आपणहून कोणी त्याच्यापुढे ठेवत नाही. प्रश्न विचारणे, ठराव किंवा उपसूचना मांडणे, मत देणे आणि समितीत बसून साक्षीदारांची तपासणी करणे, एवढीच साधने त्याच्या हाती असतात. या साधनांतून किती काम उभे राहू शकते, हे पाहण्यासाठी फॉसेट यांच्याइतके बोलके उदाहरण माझ्या माहितीत दुसरे नाही, आणि ते आपल्याशी थेट जोडलेले आहे.

फॉसेट यांचा जन्म १८३३ मध्ये इंग्लंडमधील सॅलिस्बरी येथे झाला. १८५८ मध्ये शिकारीच्या वेळी वडिलांच्या बंदुकीतून सुटलेले छर्रे त्यांच्या डोळ्यांत गेले आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्यांची दृष्टी कायमची गेली. तरीही १८६३ मध्ये ते केंब्रिजला अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १८६५ मध्ये उदारमतवादी पक्षाकडून निवडून आले. भारतविषयक जाडजूड सरकारी अहवाल ते दुसऱ्याकडून वाचून घेत आणि त्यांतील आकडे स्मरणात ठेवून टिपणांशिवाय बोलत. १८६७ मध्ये त्यांच्याशी विवाह केलेल्या मिलिसंट फॉसेट, ज्या पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीच्या अग्रणी झाल्या, त्या फॉसेट यांच्या या वाचनात आणि लेखनात मोठा भार उचलीत असत.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ, कारण फॉसेट यांची लढाई समजून घ्यायची तर १८५८ च्या कायद्यातील दोन गोष्टी नीट पाहाव्या लागतात. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार संपवून भारताची सत्ता राणीच्या नावाने आणणारा हाच तो कायदा. त्यानुसार भारतमंत्र्याचा, म्हणजे ब्रिटिश मंत्रिमंडळातील भारताचा कारभार पाहणाऱ्या मंत्र्याचा, पगार आणि त्याच्या लंडनमधील कार्यालयाचा खर्च भारताच्या महसुलातून दिला जाई. वरवर पाहता ही केवळ जमाखर्चाची बाब वाटते, परंतु ब्रिटिश संसदेची मंत्र्यांवरील पकड मुळात पैशातून आलेली आहे. दरवर्षी खात्याच्या मागण्या सभागृहापुढे येतात, त्या मंजूर करण्याआधी सभासद तक्रारी मांडतात, आणि मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. भारतमंत्र्याचा पगार ब्रिटिश करदाता देत नसल्यामुळे ही वार्षिक संधीच नाहीशी झाली होती. भारताचे हिशेब संसदेपुढे ठेवले जात हे खरे, पण त्यांवरील चर्चा अधिवेशनाच्या अगदी शेवटी, जुलै किंवा ऑगस्टमध्ये, सभासद सुट्टीवर निघून गेल्यावर होई. वर्षाला सुमारे ५ कोटी पौंड महसूल असलेल्या देशाचे अंदाजपत्रक रिकाम्या बाकांपुढे वाचले जात होते. फॉसेट यांनी या रिवाजाविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवला.

दुसरी गोष्ट मात्र सभासदांच्या हाती शस्त्र देणारी होती. भारतावर प्रत्यक्ष आक्रमण झाले असेल तर गोष्ट वेगळी, एरवी भारताच्या सीमेबाहेरील लष्करी मोहिमेचा खर्च दोन्ही सभागृहांच्या संमतीशिवाय भारताच्या महसुलातून करता येणार नाही, असे हा कायदा सांगत होता. म्हणजे अशा प्रत्येक मोहिमेच्या वेळी सरकारला सभागृहापुढे येऊन परवानगी मागावी लागणार होती, आणि तिथे प्रश्न विचारणारा एक जरी सभासद जागा असला तरी त्याचे म्हणणे नोंदले जाणार होते.

तसा प्रसंग नृत्यसमारंभाच्याच वर्षी, १८६७ मध्ये, आला. अबिसिनियाचा (आजचा इथिओपिया) राजा थिओडोर याने काही युरोपीय लोकांना कैदेत ठेवले होते आणि त्यांच्या सुटकेसाठी ब्रिटनने मोहीम काढली. तिचे नेतृत्व मुंबईच्या सैन्याचे सरसेनापती रॉबर्ट नेपियर यांच्याकडे होते आणि फौजा मुंबईहून रवाना झाल्या. नोव्हेंबर १८६७ मध्ये सरकारने असा ठराव आणला की, मोहिमेचा जादा खर्च ब्रिटन सोसेल, मात्र भारतीय फौजांचा नेहमीचा पगार भारताकडूनच दिला जाईल. सरकारची बाजू वरकरणी सरळ होती : हे सैनिक भारतात राहिले असते तरी त्यांचा पगार भारतालाच द्यावा लागला असता. पण त्यावर उघड प्रश्न उभा राहतो : इतके सैनिक भारतातून इतके महिने सहज मोकळे करता येत असतील, तर भारत गरजेपेक्षा मोठे सैन्य पोसत आहे का, आणि कोणासाठी? काही काळापूर्वी स्वतः भारतमंत्री राहिलेले लॉर्ड क्रॅनबॉर्न, जे पुढे लॉर्ड सॅलिस्बरी या नावाने पंतप्रधान झाले, त्यांनीसुद्धा भारताला पूर्वेकडील समुद्रांतली इंग्लंडची छावणी समजले जाऊ नये असे या चर्चेत बजावले. ठराव मोठ्या बहुमताने संमत झाला. विरोधात मत देणाऱ्या मोजक्या सभासदांत फॉसेट होते.

भाषणांपेक्षाही समितीतले त्यांचे काम मला अधिक मोलाचे वाटते. भारताच्या अर्थव्यवहाराची चौकशी करण्यासाठी कॉमन्सने १८७१ मध्ये एक निवड समिती नेमली, तिचे काम १८७४ पर्यंत चालले, आणि फॉसेट तिचे सभासद होते. सभागृहातील भाषणाला मंत्री वाटेल ते उत्तर देऊन बसू शकतो, समितीपुढच्या साक्षीदाराला मात्र एकामागून एक प्रश्नांना सामोरे जावे लागते, आणि प्रश्न व उत्तर दोन्ही शब्दशः छापले जातात. भारतात सर्वोच्च पदे भूषवून परतलेले अधिकारी या समितीपुढे आले, त्यांत माजी व्हाइसरॉय लॉर्ड लॉरेन्स आणि सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन हेही होते. भारतातील बहुसंख्य लोक इतके गरीब आहेत की त्यांना जेमतेम पोट भरता येते, हे लॉरेन्स यांनी १८७३ मध्ये समितीपुढे सांगितले. ज्याने त्या देशावर राज्य केले त्याच्याच तोंडून आलेली ही कबुली होती, आणि नवे कर बसवण्याच्या प्रत्येक बेतापुढे ती ठेवता येणार होती.

याच समितीपुढे १८७३ मध्ये मुंबईचे नौरोजी फर्दुनजी आणि दादाभाई नौरोजी यांच्या साक्षी झाल्या. दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये असल्याचे दादाभाईंचे जे गणित पुढे गाजले, त्याची टिपणे त्यांनी या समितीसाठी तयार केली होती, आणि १८७६ मध्ये मुंबईत वाचलेला भारताच्या दारिद्र्यावरील निबंध त्यांतूनच आकाराला आला. पुण्यात १८७० मध्ये स्थापन झालेली सार्वजनिक सभाही त्याच काळात मुंबई इलाख्यातील शेतकऱ्यांची आणि सारापद्धतीची माहिती गोळा करीत होती. लंडनमध्ये विचारला जाणारा प्रश्न आणि पुण्या-मुंबईत जमवली जाणारी उत्तरे यांचा असा धागा जुळत होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मात्र १८७४ मध्ये संसद विसर्जित झाली आणि समितीच्या हातून सर्वांगीण निष्कर्षांचा अहवाल काही झाला नाही. मागे राहिले ते साक्षींचे छापील खंड.

संसद विसर्जित झाल्यावरच्या निवडणुकीत फॉसेट ब्रायटनमध्ये हरले, पण काही महिन्यांतच लंडनमधील हॅकनी मतदारसंघातून ते परत आले. तोवर त्यांना भारताचे सभासद असे म्हटले जाऊ लागले होते, जरी भारतातील एकाही माणसाला त्यांना मत देण्याचा अधिकार नव्हता.

त्यांच्या सगळ्या मतांशी मी सहमत नाही. ब्रिटिश राज्य संपावे असे त्यांचे म्हणणे कधीच नव्हते, आणि काटकसरीच्या आग्रहापायी कालवे व रेल्वेसाठी कर्ज काढण्याकडे ते ज्या संशयाने पाहत, तो मला दुष्काळग्रस्त प्रदेशाच्या दृष्टीने तोकडा वाटतो. परंतु सनदी सेवेची परीक्षा लंडनबरोबरच कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथेही घ्यावी, असा ठराव त्यांनी १८६८ मध्येच मांडला होता. १८९३ मध्ये, दादाभाई स्वतः खासदार असताना, कॉमन्सने तसा ठराव संमत केला, तरी सरकारने तो अमलात आणला नाही, आणि भारतात ही परीक्षा सुरू व्हायला १९२२ साल उजाडले.

डिसेंबर १८७८ मध्ये अफगाण युद्धाचा खर्च भारतावर टाकण्याची परवानगी सरकारने मागितली, तेव्हा फॉसेट यांनी पुन्हा विरोधी उपसूचना मांडली आणि ती फेटाळली गेली. तथापि १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांचे सरकार आल्यावर ब्रिटिश तिजोरीने त्या युद्धखर्चासाठी ५० लाख पौंडांचा वाटा उचलला. एकूण खर्चाच्या मानाने ती रक्कम थोडी होती, पण ब्रिटनच्या धोरणासाठी झालेल्या युद्धाचा भार ब्रिटननेही उचलावा हे तत्त्व तिने मान्य केले. त्याच वर्षी फॉसेट पोस्टमास्तर जनरल झाले, त्यामुळे मागच्या बाकांवरचे त्यांचे काम संपले. १८८४ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

भारत आणि ब्रिटन यांच्यात खर्चाची वाटणी कशी व्हावी, हा प्रश्न १८९५ मध्ये नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे पुन्हा आला. दादाभाई त्या आयोगाचे सभासद होते, आणि १८९७ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातील तरुण प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले यांनी लंडनला जाऊन त्याच्यापुढे साक्ष दिली. भारतमंत्र्याचा पगार ब्रिटिश तिजोरीतून देण्याची तरतूद मात्र १९१९ च्या कायद्याने झाली. संसदेतील जुन्या चर्चांची नोंद असलेले हॅन्सार्ड आता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. नोव्हेंबर १८६७ ची अबिसिनियावरील चर्चा आपण अवश्य वाचावी, आणि वाचताना क्रॅनबॉर्न यांचे भाषण वगळू नये.