रात्री एकची पंगत

नमस्कार मंडळी. माझी ओळख करून देताना सरांनी ‘अन्नपूर्णा’ वगैरे शब्द वापरले. तसलं काही नाही हो. आम्ही जेवणाचे पैसे घ्यायचो, आणि ते वसूल करताना आई चांगली कडाकडा भांडायची.

आमची खाणावळ मुळात गिरणी कामगारांची. सोलापुरात १८७७ साली पहिली कापड गिरणी निघाली, आपली जुनी मिल, आणि पुढे गिरण्यांच्या आसपास खाणावळी वाढल्या. नव्वदच्या दशकात उरलेल्या गिरण्याही थंडावत गेल्या, तशी आमची ताटं कमी होत गेली. तेव्हा आईनं गड्ड्याची पोरं धरली.

बाहेरून आलेल्यांसाठी सांगते. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा असते. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होम. हे धार्मिक विधी चार-पाच दिवसांत उरकतात, पण होम मैदानावरचे पाळणे, ब्रेक डान्स, मौत का कुआँ हे पुढेही बरेच दिवस असतात. त्यालाच आम्ही गड्डा म्हणतो. ही खेळणी चालवणारी पोरं बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडची. मार्गशीर्षात पुसेगावच्या यात्रेत, तिथून आमच्याकडे, मग चैत्रात गावोगावच्या जत्रा. घर नाही, चूल नाही. झोप पाळण्याखाली, ताडपत्रीत.

पहिल्या वर्षी आईनं ज्वारीच्या भाकरी थापल्या. मंगळवेढ्याची मालदांडी, पांढरीशुभ्र. पोरांनी एकेक खाल्ली आणि गप्प बसली. मग एकानं विचारलं, “मौसी, चावल?” आईला राग आला. गिरणीतल्या माणसांनी तिच्या भाकरीला कधी नाव ठेवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं भात टाकला तो साठ माणसांना आठ किलो. तळ दिसला आणि निम्मी पोरं अजून हात धुऊन उभीच! मग अकरा-बारा किलोवर गेलो, वर चार किलो तूरडाळ. शिवाय मैदानात खेळणी उभारताना भूक निराळी आणि ती चालवताना निराळी. उभारणीच्या दिवसांत पोरं दिवसभर पहार मारायची, लोखंडी खांब खांद्यावरून न्यायची. पाण्याची पारदर्शक नळी धरून चारी पाय एका पातळीत आणायची, कुठं कमी पडलं की खाली लाकडी ठोकळे सारायची. त्या दिवसांत भात दीडपट लागायचा.

खेळणी सुरू झाली की मात्र संध्याकाळी पाचपासून मध्यरात्रीपर्यंत कुणाला हलता यायचं नाही. म्हणून आमची पंगत रात्री एकला. जानेवारीची थंडी, पत्र्याच्या शेडमध्ये एक बल्ब, आणि जनरेटर बंद झाल्यावर कानात येणारी ती शांतता.

कुआँतला एक मोटरसायकलवाला होता. लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवर गाडी फिरवायचा, वरून लोकांनी धरलेल्या दहाच्या नोटा हात सोडून घ्यायचा. खेळाआधी काही खायचा नाही, फक्त चहा. रात्री जेवायला बसला की त्याच्या हातातून घास सुटायचा. इतके तास हँडल थरथरत असतं, बोटं बधिर व्हायची. आईनं त्याला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याचा डाळभात वाडग्यात कालवून, वर चमचा. बाकीची पोरं हसली, तर म्हणाली, “तुम्ही फिरवा की भिंतीवर गाडी, तुम्हालाही चमचा देते.”

१९९८ साली गड्डा आणि रमजान एकत्र आले. निम्मी पोरं रोजा धरणारी. सूर्य मावळायचा सव्वासहाच्या आसपास, म्हणजे नेमकी गर्दी चढायला लागते तेव्हा. पाळण्याचा खटका सोडता येत नाही, मग इफ्तार काय करणार? खिशातला खजूर तोंडात टाकायचा, बास. मी तेव्हा अकरावीत. संध्याकाळी पाण्याची कळशी घेऊन मी एका खेळण्यावरून दुसऱ्यावर पळायची. संक्रांत होती, म्हणून आईनं खजुराबरोबर तिळाच्या वड्याही दिल्या. खरी पंचाईत जेवणाची. रात्री एकला पंगत आणि पहाटे साडेपाचच्या आत सहरी, म्हणजे आम्ही झोपायचं कधी? तीन रात्री आईनं दोन्ही केलं. चौथ्या रात्री तिनं रोजेवाल्यांना एक वाजता नुसता चहा-पाव दिला आणि भात चारला लावला. गंमत म्हणजे बाकीची पोरंही चारपर्यंत जागी राहायला लागली. गरम भात सोडून कोण झोपतंय!

भाकरीचा सूड आईनं निघण्याच्या रात्री घेतला. खेळणी उतरवताना बसून जेवायला कुणाला सवड नसते. तेव्हा ती कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून द्यायची. कडक भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मंद आचेवर पार वाळेपर्यंत ठेवायची. नीट वाळली तर महिनाभर काही होत नाही. ट्रकमध्ये बसून ती मोडून खायची, वर चटणीची चिमूट. भाताला हटून बसलेली पोरं पुढच्या वर्षी उतरल्याउतरल्या विचारायची, “मौसी, वो कडक वाला?” आणि आई मुद्दाम म्हणायची, “काय बे, आता चावल नको काय?”

सगळेच मालक सरळ होते असं नाही. एक जण पंधरा दिवसांची उधारी ठेवून रातोरात निघून गेला, तो परत दिसला नाही. आईच्या वहीत ते पान अजून आहे.

तसाच एका वर्षी आईचा पाट गेला. सागवानी, आजीच्या वेळचा, भाकरी थापायला बसायचा. गड्डा उठला आणि पाट नाही. आईनं सगळ्या गल्लीला बोल लावला, मलाही. पुढच्या जानेवारीत आम्ही मैदानात ताटं मोजायला गेलो, तर मोठ्या आकाशपाळण्याच्या एका पायाखाली, ठोकळ्यांच्या थरात, आमचा पाट! आई वाकली आणि हात घालायला निघाली. पाळण्यावरचा पोरगा ओरडला, “मौसी, मत निकालो! पूरा झूला टेढा हो जाएगा!”

वर माणसं बसलेली. आई कमरेवर हात ठेवून थोडा वेळ पाळण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरं, राहू दे.” महिनाभर तिनं पोत्यावर बसून भाकरी थापल्या.