खेळातलं दार कसं उघडावं

आज मी मुख्यतः व्हिडिओ गेममधल्या दारांबद्दल बोलणार आहे. तलवारी, स्फोट, राक्षस करायला इथल्या प्रत्येकाचे हात शिवशिवत असतात. दार करायला कुणी पुढे येत नाही, आणि गाडी अडते ती नेमकी दारात. लिझ इंग्लंड या डिझायनरनं २०१४ साली आपलं काम लोकांना समजावताना दाराचंच उदाहरण घेतलं होतं. तुमच्या गेममध्ये दारं आहेत का? सगळी उघडतात का? न उघडणारं दार खेळाडूनं ओळखायचं कसं? दोघं खेळत असतील तर दार कधी बंद व्हायचं? एका दारामागे किती निर्णय असतात ते त्यावरून कळतं. माझ्या दृष्टीनं त्यांतला पहिला निर्णय असा: वस्तू समोर आहे, खेळाडूला तिचं काहीतरी करायचंय. ते काय, हे ओळखण्याचं ओझं कोणी उचलायचं?

सुरुवातीला ते सगळं खेळाडूच्या डोक्यावर होतं. विल क्राउदर आणि डॉन वुड्स यांच्या सत्तरच्या दशकातल्या ‘कलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’मध्ये चित्रं नव्हतीच. दिवा उचलायचा तर तसं टाइप करायचं. वाटायचं की काहीही लिहिता येईल, पण गेमला कळणारे शब्द मोजके. त्यामुळे कोडं मनात सुटलेलं असलं तरी नेमका शब्द सापडेपर्यंत माणूस अडून बसायचा. १९८७ च्या ‘मॅनिअक मॅन्शन’नं क्रियापदांची यादीच पडद्याच्या तळाशी मांडली: उघड, ढकल, ओढ, दे. तो गेम करणाऱ्या जॉर्ज लुकासच्या कंपनीनं पुढे ही यादी आखडत नेली. १९९७ च्या ‘कर्स ऑफ मंकी आयलंड’पर्यंत हातानं, डोळ्यांनी आणि तोंडानं करायच्या तीनच गोष्टी उरल्या. मग १९९८ मध्ये ‘झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम’ आला. त्यात ए बटण एकच, पण दारापाशी गेलात की ते उघडतं, माणसापाशी गेलात की बोलतं, आणि आत्ता ते काय करणार हे पडद्यावर लिहिलेलं असतं. ओझं आता गेमच्या डोक्यावर आलं.

हे एक बटण म्हणजे ओट्याजवळून आईनं ‘ते दे रे जरा इकडे’ म्हणावं तसं आहे. ‘ते’ म्हणजे काय हे पोरानं आईची नजर, गॅसवरचं भांडं आणि मघाशी काय मागितलं होतं यावरून ताडायचं. आपला गेम म्हणजे ते पोर. आणि पहिल्या आवृत्तीत ते पोर फार मंद असतं.

का ते सांगतो. समजा टेबलावर किल्ली, कप आणि खाली खण आहे. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कॅमेऱ्याच्या मधून एक अदृश्य किरण सोडायचा, म्हणजे आपला रेकास्ट, आणि तो जिथे आदळेल ती वस्तू निवडायची. पण किल्ली बारीक. कंट्रोलरच्या काडीनं तिच्यावर नेम धरणं जिकिरीचं. म्हणून किल्लीचा कोलायडर, म्हणजे तिच्याभोवतीचा न दिसणारा डबा, आपण फुगवतो. आता तो डबा खणावर चढतो आणि खण उघडायला गेलेल्याच्या हातात किल्ली येते. मग किरणाचा नाद सोडून आपण प्रत्येक वस्तूला गुण द्यायला लागतो: नजरेच्या रेषेपासून वस्तू किती कोनात आहे, किती लांब आहे, तिचं महत्त्व किती. किल्ली कपापेक्षा महत्त्वाची, कारण कपावाचून कुणाचं अडत नाही. एवढं करूनही प्रॉम्प्ट, म्हणजे बटण आत्ता काय करणार ते सांगणारी पडद्यावरची ओळ, थरथरतो. दोन वस्तूंचे गुण जवळजवळ सारखे असले की हात जरा हलला तरी निवड इकडून तिकडे उडते. त्यावर उपाय असा की आत्ता निवडलेल्या वस्तूला थोडे जास्तीचे गुण द्यायचे, म्हणजे दुसरी वस्तू चांगली वरचढ ठरल्याशिवाय निवड बदलत नाही. चार ओळींचा कोड आहे, पण खेळाडूच्या हाताला तो लगेच जाणवतो.

काही वेळा मात्र कितीही हुशारी केली तरी अंदाज बांधता येत नाही. ‘हेलो’च्या पहिल्या खेळात, २००१ साली, एक्स बटण दाबलं की बंदूक भरायची आणि दाबून धरलं की पायापाशी पडलेलं हत्यार उचललं जायचं. गेमनं तिथे ताडणं सोडून खेळाडूलाच फरक करायला सांगितलं. गोळ्या झाडल्या जात असताना भलतीच बंदूक हातात येण्यापेक्षा ते पुष्कळ बरं.

आता परत दार. फ्रिक्शनल गेम्स या स्वीडिश स्टुडिओच्या २०१० च्या ‘अ‍ॅम्नेशिया’त बटण दाबून दार उघडत नाही. माऊसचं बटण दाबून दार धरायचं आणि माऊस ओढायचा किंवा ढकलायचा. हळू ओढलंत तर फट पडते, फटीतून आत बघता येतं. मागून काहीतरी येत असेल तर हात धांदलीत चुकतो, ओढायचं दार माणूस ढकलत बसतो. भीती तिथे चित्रात जेवढी आहे तेवढीच मनगटात आहे. पण म्हणून उद्या तुमच्या प्रत्येक दाराला हे लावू नका. बाजारात दहा दुकानांत शिरायचं असेल तर दहाव्या दारापाशी खेळाडू तुम्हाला शिव्या घालेल. पलीकडे काय आहे याची धास्ती असेल तिथेच दार जड करावं. बाकीची दारं पटकन उघडू द्यात.

खेळाडूला एखादी वस्तू वापरायला शिकवण्याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण ‘हाफ-लाइफ २’मधलं आहे. २००४ चा गेम. सुरुवातीलाच एक शिपाई डबा खाली पाडतो आणि तुम्हाला तो उचलून कचऱ्यात टाकायला सांगतो. उचलणं आणि टाकणं तुम्ही तिथे शिकलात, आणि या गावात राज्य कुणाचं तेही कळलं. पण काही लोक तो डबा त्या शिपायालाच फेकून मारतात, आणि मग तो दंडुका घेऊन मागे लागतो. तुम्ही काय कराल हे डिझायनरनं आधीच धरलं होतं आणि दोन्हींना उत्तर ठेवलं होतं.

प्रत्येक वस्तूसाठी अशी उत्तरं हातानं लिहायची म्हटलं तर आयुष्य पुरणार नाही. निन्टेंडोच्या मंडळींनी २०१७ साली ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’बद्दल बोलताना सांगितलेली युक्ती इथे कामाची आहे. त्यांनी वस्तू आणि आग, पाणी, वारा, वीज अशी तत्त्वं वेगळी काढली. तत्त्व वस्तूची अवस्था बदलतं, तत्त्व दुसऱ्या तत्त्वालाही बदलतं, पण वस्तू वस्तूची अवस्था बदलत नाही. नियम एवढेच. लाकूड जळतं, धातूकडे वीज धावते. म्हणून वादळात खेळाडू लोखंडी तलवार काढून ठेवतो, आणि कोड्यातलं विजेचं सर्किट जुळेना तर तीच तलवार तारेसारखी आडवी टाकतो.

नकाराचं मात्र नियमांनी भागत नाही. उघडत नसलेलं दार खऱ्या दारासारखंच दिसत असेल तर खेळाडू फसवला जातो. त्याला मूठ देऊ नका, पुढे ढिगारा टाका, दिवा विझवा. २०२३ च्या ‘रेझिडेंट ईव्हिल ४’मध्ये फुटणाऱ्या पेट्यांवर पिवळा रंग मारलेला होता आणि लोक वैतागले, आम्हाला काय बिनडोक समजता म्हणून. मला तो रंग कुरूप वाटतो, अपमान वाटत नाही. फुटणारी पेटी आणि शोभेची पेटी दोन्ही सारख्याच बारकाईनं रंगवल्या की फरक दाखवायला काहीतरी हवंच. राग धरायचा तर आधी त्या बारकाईवर धरा.

आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० चा ‘राजी’ या नजरेनं पुन्हा खेळून बघा. कॅमेरा लांब आहे, त्यामुळे टेबलावरची किल्ली वगैरे प्रकार तिथे टिकलेच नसते. चढायच्या भिंती, धावायच्या कडा, फिरवून चित्र जुळवायचे तुकडे, सगळं लांबून वाचता येईल असं आहे. कॅमेरा ठरला की वस्तूंचा आकार अर्धा ठरतो.

पुढच्या वेळी येताना प्रत्येकानं एक खोली करून आणा: एक दार, तीन वस्तू, एक बटण. ती गेम न खेळणाऱ्या कुणाला तरी द्या आणि शेजारी गप्प बसा. ‘अगं, तिथे नाही’ असं म्हणायचं नाही. तुम्ही सोय न केलेली कोणती गोष्ट ते सगळ्यात आधी करून बघतात, तेवढं लिहून आणा. आपण तिथूनच सुरू करू.