चॉकलेट कुकीजचा उंडा

श्रोतेहो, नमस्कार.

बेकिंगचा विषय निघाला की गप्पा हमखास ओव्हनवर येऊन थांबतात. तुमचा ओटीजी किती लिटरचा, वरची कॉइल लावता की खालची, मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शनवर नीट होतं का, वगैरे. आज मी ज्या चॉकलेट कुकीजबद्दल बोलणार आहे, त्यांचं खरं काम फ्रीजमध्ये होतं. ओव्हनची पाळी अगदी शेवटी येते आणि तीही दहा-बारा मिनिटांपुरतीच.

कोथिंबीर वडी ज्यांच्या हातात बसलेली आहे, त्यांना ही रीत नवी वाटायची नाही. उंडा वळायचा, तो घट्ट होऊ द्यायचा, मग धारदार सुरीनं चकत्या पाडायच्या आणि जेवायला माणसं किती आहेत ते बघून तेवढ्याच तळायच्या. इथे वाफवण्याऐवजी गारठवायचं आणि तळण्याऐवजी भाजायचं. उरलेला उंडा परत आत.

ही पद्धत रुळली अमेरिकेत. तिथे या कुकीजना आजही ‘आइसबॉक्स कुकीज’ म्हणतात. विजेचा फ्रीज घरोघरी यायच्या आधी लाकडी कपाट असायचं, आतून पत्रा मारलेलं, त्यात बर्फाची लादी ठेवायची. बर्फवाला घरी येऊन लादी टाकून जायचा. तो आइसबॉक्स. मग 1927 मध्ये जनरल इलेक्ट्रिकनं ‘मॉनिटर टॉप’ नावाचा फ्रीज बाजारात आणला. डोक्यावर गोल डब्यासारखा कॉम्प्रेसर असलेलं ते पांढरं कपाट जुन्या फोटोंत तुम्ही पाहिलंही असेल. आता एवढं महागाचं यंत्र घेतल्यावर त्यात दुधाखेरीज काय ठेवायचं, हा गृहिणींना प्रश्न. म्हणून फ्रीजच्या कंपन्या पाककृतींच्या पुस्तिका छापायला लागल्या. रात्री उंडा करून ठेवा, सकाळी कापा आणि भाजा, हा त्यातला आवडता प्रकार. म्हणजे कुकीज विकण्यापेक्षा फ्रीज विकणं हा त्यामागचा हेतू! पण व्यापाऱ्यानं सांगितलेली गोष्टही कधीकधी खरीच उपयोगाची निघते.

आपल्याकडे गोदरेजनं 1958 मध्ये फ्रीज बनवायला सुरुवात केली. मध्यमवर्गीय घरांत तो पोहोचायला त्यापुढेही बरीच वर्षं गेली, आणि पोहोचला तेव्हा आपण त्यात दूध, विरजण, इडलीचं पीठ आणि मे महिन्यात आमरस ठेवला. बिस्किटांचा आणि त्याचा संबंध आपण लावलाच नाही. बिस्किटं, नानकटाई हे बेकरीचं काम. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून भट्टीवर न्यायची, नंबर लावायचा आणि पत्र्याच्या ट्रेमधून भाजून आलेली गरम नानकटाई घरी आणायची, हे पुष्कळांना आठवत असेल. घरात ओव्हन नसताना ती सोय उत्तमच होती. पण त्यामुळे एक सवय लागून गेली. भाजायचं ते एकदम डबाभर, आणि तेही वर्षातून एकदा.

आता गारठवायचं कशासाठी, ते बघू. परदेशी पाककृतीत लिहिलेलं असतं, ‘लोणी खोलीच्या तापमानाला आणा’. त्यांची खोली असते वीस-एकवीस अंशांची. आपलं स्वयंपाकघर एप्रिलमध्ये पुण्यात सहज पस्तिशीला जातं आणि नागपूरकरांना तर मी काय सांगणार! बटर साधारण बत्तीस ते पस्तीस अंशांच्या दरम्यान वितळतं. म्हणजे त्यांच्या खोलीत जे बोटानं दाबलं तर जरा दबेल असं असतं, ते आपल्या ओट्यावर वाटीत तळाशी तेल सोडतं. अशा पिठाच्या कुकीज तडक ओव्हनमध्ये घातल्या की मैदा शिजून आकार धरायच्या आत बटर पातळ होऊन पळतं आणि सगळ्या कुकीज पसरून ट्रेभर एकच थर होतो. बटर गार आणि घट्ट असेल तर ते वितळायला वेळ घेतं, तेवढ्यात कडा धरतात. आपल्या हवेला ही पद्धत अमेरिकेपेक्षा जास्त मानवते, असं माझं मत आहे.

फ्रीजमध्ये दुसरंही एक काम चालू असतं. बटरमध्ये साधारण ऐंशी टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेल्यात मुख्यतः पाणी. ते पाणी मैदा आणि कोको हळूहळू पिऊन घेतात. कोको तर फारच पितो. म्हणून मळताना हाताला चिकटणारा गोळा दोन तासांनी कोरडा आणि आटोपशीर झालेला दिसतो. चिकटतंय म्हणून वरून मैदा घालत बसू नका. नंतर कुकीज कडक होतात आणि खाताना पीठ लागतं.

आता साहित्य सांगते. कागद-पेन जवळ घ्या, दोनदा सांगेन. मैदा दोनशे ग्रॅम. कोको पावडर चाळीस ग्रॅम. बटर दीडशे ग्रॅम. पिठीसाखर एकशे दहा ग्रॅम. डार्क चॉकलेट पंचाहत्तर ग्रॅम, बारीक चिरलेलं. व्हॅनिला इसेन्स एक छोटा चमचा. पुन्हा सांगते. मैदा दोनशे, कोको चाळीस, बटर दीडशे, पिठीसाखर एकशे दहा, चॉकलेट पंचाहत्तर, व्हॅनिला एक चमचा. अंडं नाही, सोडा नाही, बेकिंग पावडर नाही. फुगायला नकोच आहेत, कापलेली कड तशीच स्वच्छ राहायला हवी. बाजारातलं पिवळं बटर खारं असतं, त्यामुळे वेगळं मीठ घालू नका. घरचं लोणी किंवा बिनमिठाचं बटर असेल तर पाव चमचा मीठ आठवणीनं घाला. मीठ नसेल तर चॉकलेटची चव उठत नाही.

घरात बटर नाही, तूप आहे, तर चालेल का? चालेल. तुपात पाणी नसतं, म्हणून ते एकशे वीस ग्रॅमच घ्या आणि दोन चमचे दूध घाला. कुकीज जास्त खुसखुशीत होतील, नानकटाईच्या वळणावर जातील. मला त्या आवडतात, पण चॉकलेटवर तुपाचा वास थोडी कुरघोडी करतो, हेही सांगून ठेवते.

कोकोबद्दल दोन शब्द. डच गृहस्थ व्हॅन हाउटेन यांनी 1828 मध्ये कोकोच्या लगद्यातून चरबी दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. उरलेली पेंड दळली की कोको पावडर. ती पाण्यात-दुधात नीट मिसळावी म्हणून तिच्यावर अल्कलीची प्रक्रिया करायची रीतही त्यांचीच. म्हणून अशा गडद, सौम्य कोकोला डच कोको म्हणतात. प्रक्रिया न केलेला कोको फिकट, तांबूस आणि किंचित आंबट असतो. सोडा घातलेल्या पाककृतीत हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण सोड्याला आंबटपणा लागतो. आपण सोडा घालतच नाही, तेव्हा दुकानात मिळेल तो घ्या. फक्त दुधात घालायची ड्रिंकिंग चॉकलेटची पावडर कोको म्हणून उचलून आणू नका. तिच्यात साखरच मोप असते.

चॉकलेटच्या वडीचं पाकीट उलटून बघा. घटकांमध्ये कोको बटर असेल तर ते खरं चॉकलेट. त्या जागी वनस्पती तेल किंवा वनस्पती चरबी लिहिलेली असेल तर ते कंपाउंड. कंपाउंड स्वस्त असतं, साच्यात घालायला सोपं असतं, पण तोंडात विरघळत नाही, टाळ्याला मेणासारखं लागतं. पैशांचा विचार असेल तर खरं चॉकलेट पन्नास ग्रॅमच घाला, पण खरंच घाला.

कृती अशी. बटर बोटानं दाबल्यावर खळगा पडेल इतपत मऊ होऊ द्या, पण चकाकायला लागलं तर परत फ्रीजमध्ये ठेवा. पिठीसाखर आणि व्हॅनिला घालून ते नुसतं एकजीव करा. केकसारखं फेसायचं नाही, आत हवा भरली की कुकी फुगते आणि मग बसते. मैदा आणि कोको एकत्र चाळून घाला, कोकोच्या गुठळ्या नुसत्या ढवळण्यानं मोडत नाहीत. चॉकलेट घाला आणि हलक्या हातानं गोळा करा. इथे आपल्या हाताची जुनी सवय आड येते. कणीक तिंबणारा हात आपोआप जोर लावतो. तो आवरा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. गोळा फुटतच असेल तर एक चमचा दूध पुरे.

गोळ्याचे दोन भाग करा. बटर पेपरवर ठेवून तळहातानं लांबट उंडा वळा, साधारण दीड इंच जाडीचा. आत पोकळी राहिली तर कापल्यावर भोक दिसतं, म्हणून वळताना दोन्ही टोकांकडून आत दाबत राहा. कागद गुंडाळून टोकं पिळून टाका. फ्रीजच्या जाळीवर नुसता ठेवला तर खालून चपटा होतो आणि जाळीच्या रेघाही उमटतात. किचन रोल संपल्यावर उरलेली पुठ्ठ्याची नळी उभी कापून त्यात ठेवा, गोल राहतो.

हो, आणि वरून एक हवाबंद डबा किंवा पिशवी हवीच. बटर शेजाऱ्याचा वास पटकन घेतं आणि आपल्या फ्रीजमधले शेजारी काय असतात ते तुम्हाला माहीत आहे. लसणाची चटणी, चिरलेला कांदा, कालचं कालवण. फ्रीजमध्ये दोन-तीन तास ठेवा, रात्रभर राहिला तर उत्तम. फ्रीजरमध्ये दोनेक महिने सहज टिकतो.

आता कापणं. हा सगळ्या खटाटोपातला माझ्या आवडीचा भाग. उंडा बाहेर काढल्या काढल्या सुरी लावलीत तर चकतीला मधोमध तडा जातो. पाच-सात मिनिटं ओट्यावर राहू द्या, फ्रीजरमधला असेल तर पंधरा. लांब पात्याची, पातळ सुरी घ्या आणि करवतीसारखी मागेपुढे न करता एका दाबात खाली न्या. चॉकलेटचा तुकडा आडवा आला की सुरी अडते, ‘कट्’ असा बारीक आवाज होतो आणि चकतीचा एक कोपरा निखळतो. म्हणून चॉकलेट बारीक चिरायला सांगितलं. निखळला तर बोटानं परत जागेवर दाबून टाका, भाजल्यावर कळतसुद्धा नाही. चकती पाऊण सेंटिमीटर जाड हवी, आणि सगळ्या सारख्या. दर दोन-तीन चकत्यांनंतर उंडा थोडा फिरवत राहा, म्हणजे एकच बाजू दाबली जाऊन चपटी होत नाही. एवढ्या साहित्यात चाळीस-पन्नास कुकीज होतात.

ओव्हन एकशे सत्तर अंशांवर दहा मिनिटं आधी तापवा. ओव्हनमधला पंखा लावणार असाल किंवा मायक्रोवेव्हचा कन्व्हेक्शन मोड असेल तर एकशे साठ पुरे. साध्या मायक्रोवेव्हवर हे काम होत नाही. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, त्यावर स्टँड आणि ताटली ठेवून, झाकण घालून मंद आचेवर भाजता येतात. पाच-सहाच मावतात आणि बुडाकडे लक्ष ठेवावं लागतं, पण होतात.

भाजताना एक पंचाईत आहे. साधी नानकटाई गुलाबी झाली की झाली. चॉकलेटची कुकी मुळातच काळपट, ती रंगावरून काही सांगत नाही. वरची ओलसर चकाकी गेली पाहिजे. बोट लावलं तर कड घट्ट आणि मध्यभाग अजून मऊ लागला पाहिजे. साधारण अकरा ते तेरा मिनिटं. मऊ आहेत म्हणून आणखी पाच मिनिटं ठेवायचा मोह होतो, तो टाळा. गार होताना त्या कडक होतात. जळका वास आला तर उशीर झालेला असतो, कारण करपलेला कोको कडू होतो आणि त्याला पुढे उपाय नाही. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं ट्रेमध्येच राहू द्या. गरम असताना उचललीत तर हातात तुकडे येतील.

बदल करायचा असेल तर मैदा एकशे चाळीस आणि नाचणीचं पीठ साठ ग्रॅम घ्या. नाचणीचा रंग कोकोत लपतो, चव मात्र छान खरपूस लागते. नाचणीत ग्लुटेन नसल्यामुळे कुकी जास्त भुसभुशीत होते, तेव्हा उंडा चांगला रात्रभर गार करा. आरोग्यासाठी म्हणून करत असाल तर बटर आणि साखर तेवढीच आहे, हे ध्यानात असू द्या! उंडा जाड्या साखरेत घोळवून घेतलात तर कडेला चमक येते, मुलांना आवडते. संत्र्याची साल किसून घातली तरी बहार येते, फक्त आतला पांढरा भाग येऊ देऊ नका.

आणि एकदम सगळ्या भाजू नका. चार माणसं चहाला येणार असतील तर आठ-दहा चकत्या पाडा. ओव्हन तापेपर्यंत उंडा कापण्याजोगा होतो, चहाला उकळी येईपर्यंत कुकीज बाहेर येतात आणि ओट्यावर मैद्याचा कणही सांडलेला नसतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हे फार कामाचं. भाजलेली कुकी त्या दमट हवेत दोन दिवसांत सादळते, फ्रीजरमधल्या उंड्याला तसं काही होत नाही. सादळलेल्या कुकीज एकशे पन्नास अंशांवर चार मिनिटं परत गरम करून गार केल्या की पुन्हा कुरकुरीत होतात.

उंड्याची दोन्ही टोकं वेडीवाकडी निघतात. तीही ट्रेच्या कोपऱ्यात ठेवा, फक्त दोन मिनिटं आधी काढा, पातळ असतात. आमच्या घरी त्यांचा चुरा व्हॅनिला आइसक्रीमवर जातो, आणि तो चुरा कुणाच्या वाटीत जास्त पडला यावरून वाद होतात.

नमस्कार.