ग्लासातली बिअर आणि तबकडीची बाजू

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात मिल्टन या छोट्या गावी डॉगफिश हेड ही ब्रुअरी, म्हणजे बिअर बनवणारा कारखाना, आहे. सॅम कॅलाजिओनी यांनी तिची सुरुवात १९९५ साली जवळच्याच रिहोबथ बीच या समुद्रकाठच्या गावात केली. बिअर उकळताना कडवटपणासाठी आणि वासासाठी हॉप्सची फुले ठरावीक वेळी एकदम टाकण्याची जुनी रीत आहे. सुपात मिरी एकाच वेळी न घालता शिजेपर्यंत थोडी थोडी घालत राहावी, असे एका आचाऱ्याने दूरचित्रवाणीवर सांगितलेले कॅलाजिओनी यांच्या मनात राहिले. थरथरणाऱ्या पटावर खेळाडू सरकतात असा विजेवर चालणारा फुटबॉलचा एक जुना खेळ त्यांनी उकळत्या भांड्यावर तिरका बसवला आणि त्यावरून हॉप्स सतत खाली पडत राहतील अशी सोय केली. नव्वद मिनिटे चाललेल्या या संथ शिडकाव्यातून ‘९० मिनिट आयपीए’ (इंडिया पेल एल, म्हणजे हॉप्सचा ठळक कडवटपणा असलेली बिअर) तयार झाली.

बिअरसोबत कोणते संगीत ऐकावे, हे बहुतेक ठिकाणी मनःस्थितीवरून ठरवले जाते. आमच्या मते त्याआधी वेळेचा विचार व्हायला हवा, आणि त्याचा उत्तम दाखला याच ब्रुअरीने दिला आहे.

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचा ‘बिचेस ब्रू’ हा दोन तबकड्यांचा जोडअल्बम १९७० साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन-तीन इलेक्ट्रिक पियानो, एकाहून अधिक ड्रमवादक आणि बेनी मॉपिन यांचा खर्जात घुमणारा बेस क्लॅरिनेट एकाच वेळी वाजतात, आणि शीर्षकाची रचना सुमारे २७ मिनिटे, म्हणजे तबकडीची एक पूर्ण बाजू, चालते. निर्माते टिओ मासेरो यांनी ध्वनिफिती कापून आणि पुन्हा जोडून या रचनांना आकार दिला. अल्बमला ४० वर्षे झाली तेव्हा, २०१० साली, डॉगफिश हेडने त्याच नावाची बिअर काढली, आणि तीही जोडकामातूनच आली: तीन भाग इंपीरियल स्टाउट, म्हणजे भाजलेल्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) काळीभोर, कडक बिअर, आणि एक भाग मधाची बिअर, जिच्यात इथिओपियात मधाच्या मद्यासाठी वापरली जाणारी गेशो ही वनस्पती आहे.

ही स्टाउट फ्रिजमधून काढल्या काढल्या ओतली, तर गारव्यामुळे तिचा वास दबलेला असतो आणि जिभेला भाजलेल्या माल्टचा कडवटपणा तेवढा लागतो. ग्लास तळव्यांत धरून तबकडीची बाजू अर्ध्यावर येईपर्यंत थांबले, की आधी कॉफीसारखा आणि मग मधाचा वास वर येऊ लागतो, आणि त्याच सुमारास कानही त्या दाट वादनातली एकेक वाद्ये वेगळी ओळखू लागतात. कडू चवीशी खालचे स्वर आणि गोड चवीशी वरचे स्वर माणसे सहज जोडतात, असे ऑक्सफर्डमधले मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे स्टाउटशेजारी बेस क्लॅरिनेट शोभावा, यात नवल नाही.

ब्लूज गायक व गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन यांच्या जन्मशताब्दीला, २०११ साली, याच ब्रुअरीने लिंबू घातलेली ‘हेलहाउंड ऑन माय एल’ काढली. जॉन्सन यांची गाणी १९३६ आणि १९३७ साली ध्वनिमुद्रित झाली. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीला मावतील एवढी, जेमतेम तीन मिनिटांची. बिअर मात्र दहा टक्के मद्यार्काची, सावकाश प्यायची आहे, म्हणून तिच्यासोबत एक गाणे पुरत नाही, सात-आठ सलग लावावी लागतात.

पुण्यात २००९ साली डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाल्यापासून ताजी, हलकी गव्हाची बिअर आपल्याकडेही मिळते. ती गारच चांगली लागते. तिच्याशेजारी २७ मिनिटांची रचना ठेवली तर शेवटचे घोट कोमट होतात. याउलट, तीन मिनिटांच्या त्याच मापात बसवलेली जुनी मराठी भावगीते तिला नेमकी जुळतात, आणि दोन-तीन गाण्यांत ग्लास गार असतानाच संपतो.