कढईतलं तेल, टाकीतलं तेल

मंडळी, सुरुवात पॅरिसपासून करतो. १९०० सालच्या तिथल्या जागतिक प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवलं होतं. इतकं सुरळीत, की फार थोड्यांच्या ते लक्षात आलं. ही आठवण खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनी १९१२ मध्ये सांगून ठेवली आहे. शेंगदाण्याचं तेल, बरं का! ते घरात नाही असं कुणी आहे का इथे?

आता माझी जीप. नाशिकला आमच्या गॅरेजसमोर एक मावशी वडापावची गाडी लावायच्या. रात्री कढईतलं उरलेलं तेल डब्यात ओतायच्या. एका मे महिन्यात मी ते धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळलं, निम्मं डिझेल मिसळलं आणि टाकीत ओतलं. गाडी पळाली! मागे वड्यांचा वास, वासामागे गल्लीतली पोरं. गणपती झाले, दसरा झाला. मग डिसेंबरात एका पहाटे बहिणीला स्टँडवर सोडायचं होतं. स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरली. फिल्टर खोलला, तर आत डालड्यासारखा पांढरट गोळा आणि बुडाशी बेसन. मावशींचं तेल पामचं, ते थंडीत थिजलं होतं. इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढले, तर तोंडावर कार्बन झेंडूसारखा फुललेला. कारण साधं आहे. खाद्यतेल डिझेलच्या साधारण दहापट दाट. जिथे धुक्यासारखा फवारा उडायला हवा, तिथे धार पडते आणि ती पुरती जळत नाही.

तरी मी हा नाद सोडला नाही, त्याला कारण आहे. पुढे तेल कमी पडायला लागलं म्हणून एका हॉटेलात विचारलं. मालक म्हणाले, “तुमच्यापेक्षा फरसाणवाला जास्त देतो.” म्हणजे हे काळं तेल मोठ्या कढईतून छोट्या कढईत जातं आणि तिथून आपल्या लेकरांच्या पोटात! १ जुलै २०१८ पासून नियम आहे, तळणाच्या तेलात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही. त्याच ऑगस्टमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असं तेल गोळा करून बायोडिझेलला, म्हणजे तेलापासून बनणाऱ्या डिझेलसारख्या इंधनाला, देण्याची योजना काढली. तेल पोटातून काढायचं तर त्याला टाकीची वाट दाखवा, एवढंच माझं म्हणणं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा बायोडिझेलची कृती भरभर सांगतो. तेल गाळा, तापवून पाणी उडवा. पाणी राहिलं तर साबण होतो. मिथेनॉल नावाच्या अल्कोहोलमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवून साठेक अंशांवरच्या तेलात ढवळा, रात्रभर ठेवा. ग्लिसरीन खाली बसतं, वर बायोडिझेल. ते धुवा, सुकवा. मिथेनॉल विषारी आहे, भडकतंही. घरच्या स्वयंपाकघरात हे अजिबात करू नका, जाणत्या माणसाच्या कारखान्यातच होऊ द्या. आणि नव्या कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिच्यात डिझेल फार मोठ्या दाबाने फवारलं जातं तिच्यात, नुसतं गाळलेलं तेल एक थेंबही नको. बायोडिझेलसुद्धा कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच मिसळायचं.

बाहेर टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या आहेत, एकीत गाळलेलं तेल, दुसरीत त्याचंच बायोडिझेल. जाताना दोन्ही एकदम उलट्या करा आणि आतला बुडबुडा कोणत्या बाटलीत आधी वर पोचतो ते बघा.