स्कोप माउंटचा न सुटणारा स्क्रू

[दृश्य: व्हाइसमध्ये धरलेली रायफल. कॅमेरा हळूहळू रिसीव्हरवर येतो.]

रेमिंग्टन 700. बोल्ट-अ‍ॅक्शनची ही अमेरिकन रायफल 1962 साली बाजारात आली. तिच्या रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी भागावर, स्कोपच्या (नेम धरायच्या दुर्बिणीच्या) बेससाठी, म्हणजे स्कोप ज्यावर बसतो त्या पट्टीसाठी, चार भोकं असतात, दोन पुढे आणि दोन मागे. आटे 6-48 मापाचे, म्हणजे स्क्रूचा व्यास जेमतेम साडेतीन मिलिमीटर आणि इंचाला 48 आटे. जुना बेस काढून नवी रेल, म्हणजे स्कोपच्या रिंगा धरणारी खाचांची पट्टी, बसवायची तर आधी हे चार बारीक स्क्रू सुटायला हवेत, आणि काम अडतं ते इथेच.

बहुतेक वेळा कारण एकच असतं. आधी कुणीतरी आट्यांवर लाल लॉकटाइट, म्हणजे आटे पक्के धरणारा गोंद, लावलेलं असतं. हा द्रव बाटलीत पातळ राहतो, कारण त्याला हवा लागत असते. आट्यांच्या फटीत हवा तुटली आणि धातू भेटला की तो कडक प्लास्टिकसारखा होतो. निळा 243 नंबर साध्या हत्यारानं सुटतो. लाल 271 साध्या जोरावर सुटायचा नाही, त्याला सुमारे 250 अंश सेल्सिअस उष्णता द्यावी लागते. इथे गंज सोडवायचं तेल ओतून रात्रभर ठेवण्यात अर्थ नाही. तेल गंजात मुरतं, पण या भरलेल्या आट्यांत त्याला शिरायला वाटच नसते.

[दृश्य: स्क्रूच्या डोक्यातली सहा कोनांची खाच, अगदी जवळून.]

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी जोर लावला की गोंद जागेवर राहतो आणि डोक्यातली खाच गोल होते. एकदा खाच गेली की पुढचं सगळं काम दुप्पट.

सुरुवात नेहमीसारखी. मॅगझिन रिकामं, बोल्ट बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि बोटानं तपासलेलं. स्कोप आणि रिंगा उतरवून बाजूला. रायफल व्हाइसमध्ये, जबड्यांना चामडं किंवा रबर लावून.

आता खाच साफ करा. तिच्या तळाशी वाळलेला गोंद, मेण नाहीतर रंग साचलेला असतो, त्यामुळे बिट पूर्ण आत उतरत नाही आणि वरच्या वर घसरतं. टोकदार सुईनं तळ खरवडायचा, मग अ‍ॅसिटोनचा बोळा. बऱ्याच बेसच्या स्क्रूंना टी-15 टॉर्क्स, म्हणजे सहा टोकांच्या ताऱ्यासारखं बिट, लागतं. बिट नवं घ्या, गोल टोकाचं अजिबात नको. बिट खाचेत ठेवून छोट्या हातोडीनं दोन-तीन ठोके द्या. बिट तळाला टेकतं आणि आटेही थोडे हादरतात. जुन्या पद्धतीचा सरळ खाचेचा स्क्रू असेल तर बंदूक-कारागिराचा सपाट घासलेला स्क्रूड्रायव्हरच वापरा. घरातल्या स्क्रूड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं, जोर पडला की ते वर चढतं आणि खाचेच्या कडा तोडतं.

[दृश्य: सोल्डरिंग आयर्नचं चपटं टोक स्क्रूवर टेकलेलं.]

उष्णता सोल्डरिंग आयर्ननं द्यायची, 60 ते 100 वॉटच्या. 25 वॉटचं खेळणं इथे चालत नाही, रिसीव्हरचं पोलाद ती सगळी उष्णता गिळून टाकतं. टोक बेसवर नको, थेट स्क्रूच्या डोक्यावर. बेस अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण तो तापला की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतो आणि डोक्याला खालून ताण देतो. गॅसची ज्योत तर नकोच. ती पसरते, रिसीव्हरचा रंग बिघडवते आणि दस्त्यातलं इपॉक्सी जाळते.

दोन-तीन मिनिटांत उग्र वास येतो, कधी धुराची बारीक रेघ दिसते. हीच वेळ. आयर्न बाजूला, बिट आत, वरून अंगाचा भार द्या आणि आधी किंचित घट्ट करायच्या दिशेनं, मग उलट. न थांबता पूर्ण बाहेर काढा, कारण थंड झाला की गोंद पुन्हा धरतो. नाही सुटला तर परत तापवा, जोर वाढवू नका.

हातानं दाबून बिट उसळत असेल तर ड्रिल प्रेस कामाला येतो. प्लग काढलेला हवा. बिट चकमध्ये धरायचं, हँडलनं खाली दाबून ठेवायचं आणि चक पान्ह्यानं हळू फिरवायचा. दाब सरळ राहतो, बिटला उसळायला जागाच मिळत नाही.

आणि डोकं गोल झालंच असेल तर? साडेतीनपेक्षा किंचित मोठ्या, साधारण 3.6 मिलिमीटरच्या ड्रिलनं फक्त डोकं उडवा. डोकं सुटलं की बेस निघतो, ताण जातो, आणि वर उरलेला तुकडा तापवून ग्रिप प्लायरनं फिरवता येतो. इतक्या बारीक स्क्रूत एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तुटका स्क्रू पकडून काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार, घालणं हा जुगार. तो कडक आणि ठिसूळ असतो. आत तुटला तर साधं ड्रिल त्याला लागत नाही, मग ठिणग्यांनी धातू झिजवणारं स्पार्क इरोजनचं मशीन शोधा. सगळ्यात पुढच्या भोकाखाली बॅरलचे आटे आहेत, तेव्हा ड्रिलवर टेप लावून खोली बांधून घ्या. आटेच गेले तर कारागीर भोक 8-40 मापाचं करतात, पण ते मिलिंग मशीनवर, हातातल्या ड्रिलनं नाही.

[दृश्य: रिकामं भोक, 6-48 चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हातानं फिरतो आहे.]

जुना गोंद टॅपनं काढा आणि अ‍ॅसिटोननं आटे कोरडे करा. नवे स्क्रू आधी कोरडेच बसवून पाहा. पुढचा लांब पडला तर बॅरलच्या आट्यांना टेकतो. हाताला घट्ट लागतो, बेस मात्र सैलच. त्याच्या मागचा लांब पडला तर बोल्टचे लग, म्हणजे त्याच्या टोकाचे कुलूप लावणारे दात, अडतात, म्हणून प्रत्येक स्क्रू लावून बोल्ट उघडझाप करून पाहायचा. जास्तीची लांबी स्क्रूच्या टोकाकडून कानशीनं घासून काढतात.

शेवटी निळ्या लॉकटाइटचा एक थेंब आणि 20 ते 25 इंच-पाउंड, म्हणजे 2.3 ते 2.8 न्यूटन-मीटर टॉर्क. बेस बनवणाऱ्यानं वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरायचा. पूर्ण पकड यायला 24 तास लागतात, तोवर गोळी झाडायची नाही.